सात नव्या पैशांचे वर्तमानपत्र

१९६१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तीन अर्ज एकत्र सुनावणीला आले. एक अर्ज पुण्याचा ‘सकाळ’ चालवणाऱ्या कंपनीचा होता आणि बाकीचे दोन ‘सकाळ’च्या वाचकांचे. आपण रोज वाचतो त्या अंकाला किती पाने असावीत हे सरकारने ठरवू नये, असे म्हणत साधे वाचक दिल्लीच्या न्यायालयात उभे राहिले होते. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात या दोन अर्जांचा उल्लेख फारसा होत नाही. मला मात्र या पुस्तकाची सुरुवात तिथूनच करावीशी वाटते.

नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली सुरू केलेला ‘सकाळ’ त्या वेळी आठवड्यातले पाच दिवस सहा पानांचा आणि एक दिवस चार पानांचा निघे. सहा दिवसांची मिळून ३४ पाने आणि रोजच्या अंकाची किंमत ७ नवे पैसे. रविवारचा दहा पानी अंक १२ नव्या पैशांना मिळे. खप इतर दिवशी सुमारे ५२ हजार आणि रविवारी ५६ हजार होता. साधारण ४० टक्के जागा जाहिरातींची होती. केंद्र सरकारने १९५६च्या कायद्याखाली १९६० साली एक आदेश काढला आणि कोणत्या किमतीला किती पाने द्यायची याचे कोष्टकच ठरवून दिले. ‘सकाळ’ त्या कोष्टकात बसत नव्हता. पाने तेवढीच ठेवायची तर किंमत ८ नवे पैसे करावी लागणार होती आणि किंमत तीच ठेवायची तर पाने कमी करावी लागणार होती. प्रश्न एका नव्या पैशाचा होता. पण तो एक पैसा वाढला की खप घटतो, खप घटला की जाहिरात घटते आणि जाहिरात घटली की पुढच्या वर्षी आणखी पाने जातात, हे वृत्तपत्राच्या हिशेबाची वही पाहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

या कायद्यामागे कोणी दुष्ट मनुष्य नव्हता, हे आवर्जून सांगायला हवे. देशातल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने ही शिफारस केली होती आणि आयोगाचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. ग. स. राजाध्यक्ष होते. बड्या भांडवलाची वृत्तपत्रे कमी किमतीत ढीगभर पाने देतात, तोटा दुसऱ्या धंद्यातून भरून काढतात आणि त्यात जिल्ह्यातले छोटे पत्र बुडते, असे आयोगाला दिसले होते. त्याचे निदान बरोबर होते. पण औषध सरकारच्या हाती देण्याचे ठरले आणि त्याचा पहिला घाव मक्तेदारावर न पडता पुण्यातल्या एका मराठी दैनिकावर पडला.

सप्टेंबर १९६१ मध्ये न्या. मुधोळकरांनी घटनापीठाचा निकाल लिहिला आणि तो आदेश रद्द झाला. मत मांडण्याच्या हक्कात ते मत किती लोकांपर्यंत पोचवायचे हाही हक्क येतो, म्हणून खपावर बंधन घालणे हे मतावरच बंधन घालणे आहे, असा त्याचा गाभा आहे. धंदा म्हणून वृत्तपत्राला नियम लावता येतील. पण एकाला जागा करून देण्यासाठी दुसऱ्याचा आवाज लहान करता येणार नाही. पुढे १९७२ साली सरकारने कागदाच्या वाटपातून दहा पानांची मर्यादा लादली तेव्हाही बेनेट कोलमनच्या खटल्यात न्यायालयाने याच वाटेने जाऊन ती मर्यादा फेटाळली.

वृत्तपत्र स्वातंत्र्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला संपादक येतो. ते चित्र खरे आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे. ‘केसरी’ सुरू होऊन दीड वर्ष होते न होते तोच, १८८२ साली, कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे त्याच वर्षी तुरुंगात गेले. या कथा शाळेपासून आपल्या कानांवर आहेत. परंतु त्या ऐकता ऐकता आपली एक समजूत होऊन बसली आहे, की वृत्तपत्राचे स्वातंत्र्य म्हणजे संपादकाची निधडी छाती. छाती असली की स्वातंत्र्य असते आणि नसली की जाते. मला ही समजूत अपुरी वाटते, आणि आजच्या काळात तर धोक्याची वाटते. कारण अंक नुसता लिहिला जात नाही. तो कोणीतरी छापतो, कोणीतरी त्याचा कागद विकत घेतो, कोणीतरी तो पहाटे एसटीत टाकतो, आणि या सगळ्याचा खर्च कोणीतरी भागवतो. स्वातंत्र्यावर घाला घालणाऱ्यांना हे नेहमीच नीट कळत आलेले आहे. ते लेखणीपर्यंत कमी वेळा जातात. बहुतेकदा ते या दुसऱ्या माणसांपाशी थांबतात.

१८९७चा खटलाच पाहा. इतिहासात तो टिळकांचा खटला म्हणून ओळखला जातो, पण पिंजऱ्यात दोघे होते. दुसरे होते केशव महादेव बाळ, मुद्रक. ज्या लेखांवरून खटला झाला त्यांतला एक शब्दही त्यांनी लिहिलेला नव्हता. ज्यूरींनी त्यांना निर्दोष ठरवले. पण कायद्याने त्यांना तिथे आणून उभे केले ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८६७च्या कायद्यापासून प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापणे सक्तीचे झाले. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात ‘मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले’ अशी जी ओळ असते तिच्यावरून वाचकाची नजर रोज घसरून जाते. ती मुळात पोलिसांसाठी होती. तो कायदा दीडशे वर्षांहून जास्त टिकला आणि २०२४च्या मार्चमध्ये नवा कायदा अमलात आल्यावरच गेला.

१९१० साली इंग्रज सरकारने ही युक्ती आणखी धारदार केली. नव्या प्रेस अ‍ॅक्टने छापखाना चालवणाऱ्याकडून अनामत रक्कम मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. मजकूर आक्षेपार्ह ठरला की अनामत जप्त. पुन्हा छापायचे तर आणखी मोठी रक्कम भरा. पुन्हा चूक झाली तर यंत्रेच जप्त. इथे कोणाला तुरुंगात टाकायची गरज नव्हती, खटल्याची गर्दी नव्हती, हुतात्मा होण्याची संधीही नव्हती. संपादक कितीही धीट असला तरी, बायकोचे दागिने गहाण ठेवून टायप विकत घेतलेला छापखान्याचा मालक त्याला हात जोडून सांगे, की हा मजकूर तेवढा माझ्याकडे नको. ‘काळ’ बंद पडला तो या कायद्याच्या तडाख्यात. राजद्रोहाच्या शिक्षेनंतरही उभे राहिलेले पत्र अनामत रकमेपुढे टिकले नाही.

म्हणून ज्यांना खरेच लिहायचे होते त्यांनी आधी छपाईची सोय पाहिली. निझामाच्या संस्थानातल्या मराठी माणसांचे गाऱ्हाणे मांडायला आनंद कृष्ण वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ काढला तो संस्थानाबाहेर, पुण्यात. बंदी आली की नाव बदलायचे आणि अंक पुन्हा पाठवायचा. गोव्यात सालाझारच्या राजवटीत अंक छापण्याआधी सेन्सॉरचा शिक्का लागे, तेव्हा टी. बी. कुन्हा यांनी ‘फ्री गोवा’ मुंबईतून काढले. निझामाला पुण्यातल्या छापखान्याला हात लावता येत नव्हता आणि पोर्तुगीजांना मुंबईतल्या. दोन्ही ठिकाणी धैर्य तर लागलेच, पण सरहद्दीपलीकडचा छापखाना मिळाला नसता तर ते धैर्य वाचकांपर्यंत पोचले नसते.

आणि धोका नेहमी सरकारकडूनच येतो असे समजण्याचेही कारण नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्या काळी सर्वांत वजनदार असलेल्या ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. ज्या पत्राच्या संपादकाने स्वातंत्र्यासाठी मंडालेचा तुरुंगवास भोगला, त्याच पत्राच्या जाहिरात विभागात अस्पृश्यांच्या नव्या पत्राला दार बंद होते. हे मी कोणाचा मोठेपणा कमी करायला लिहीत नाही. वृत्तपत्र स्वातंत्र्याचा मराठी इतिहास लिहिताना ही ओळ वगळली तर तो इतिहास अर्धा राहील. १९२७ साली बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले तेव्हा अंकाचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला लिहून काढावे लागत आणि दोन-अडीच वर्षांत ते पत्र पैशाअभावी थांबले. त्यावर कोणी बंदी घातली नव्हती. वर्गणीदारांच्या खिशात पैसे नव्हते आणि ज्यांच्या खिशात होते ते वर्गणीदार होणार नव्हते. एखादा आवाज बंद पाडण्यासाठी हेही पुरते.

आणीबाणीचे उदाहरण सगळेच देतात; मीही देतो, पण थोडे वेगळ्या कारणासाठी. २५ जून १९७५च्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. सेन्सॉरचे नियम त्यानंतर आले. आधी वीज आणि मग कायदा, हा क्रम बोलका आहे. पुढच्या काही महिन्यांत पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही वृत्तसंस्था मोडून त्यांची एकच ‘समाचार’ केली गेली. त्यासाठी आकाशवाणीकडून मिळणाऱ्या वर्गणीचा धाक पुरेसा ठरला. प्रेस कौन्सिल बरखास्त झाली. संसदेतली भाषणे निर्धास्तपणे छापण्याचे संरक्षण देणारा फिरोज गांधींचा कायदा रद्द झाला. जनता सरकारने १९७७ साली या सगळ्याची श्वेतपत्रिका काढली. वृत्तपत्रांची मित्र, शत्रू आणि तटस्थ अशी वर्गवारी करून सरकारी जाहिराती वाटल्या गेल्या, ही तिच्यातली नोंद मला सेन्सॉरच्या लाल पेन्सिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. कारण लाल पेन्सिल मार्च १९७७ मध्ये गेली. ती यादी करण्याची कला मात्र पुढच्या सगळ्या पक्षांच्या सरकारांना शिकवून गेली.

त्या एकवीस महिन्यांत मुंबईने काय केले हेही नोंदवायला हवे. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या ‘साधना’वर, यदुनाथ थत्ते संपादक असताना, कारवाई झाली आणि ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या छोट्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी निकाल दिला, की सरकारवर टीका करणे हा सेन्सॉरने थांबवावा असा गुन्हा नाही आणि सर्व वृत्तपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नाही. हा निकाल आजही वाचावा. मला त्यात एक गोष्ट विशेष जाणवते. बहुतेक मोठी, सधन दैनिके मुकाट्याने मजकूर दाखवायला नेत असताना न्यायालयात गेली ती कमी खपाची नियतकालिके. त्यांच्याकडे सरकारी जाहिराती जवळजवळ नव्हत्याच, त्यामुळे त्या गमावण्याची भीतीही नव्हती. त्यांचा खर्च वर्गणीदार आणि हितचिंतक भागवत होते.

इथे पुन्हा तो सात नव्या पैशांचा हिशेब येतो. राजाध्यक्षांनी पाहिलेला आजार न्यायालयाच्या निकालाने बरा होणार नव्हता, आणि झालाही नाही. १९९०नंतर मोठ्या वृत्तपत्रांनी किंमतयुद्ध सुरू केले. रंगीत पाने वाढली, पुरवण्या वाढल्या आणि किंमत मात्र इतकी खाली आली की अंकाच्या किमतीतून त्याच्या कागदाचेही पैसे सुटेनात. वाचकाला ते आवडले. का आवडू नये? पण प्रत्येक अंकामागे जो तोटा राहिला तो कोणीतरी भरतच होते. बिल्डर भरत होता, सोन्याचे दुकान भरत होते, क्लासवाला भरत होता, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा सरकार आणि स्थानिक पुढारी भरत होते. बराचसा कागद परदेशातून येतो, त्यावर २०१९ साली दहा टक्के आयात शुल्क लागले, पुढच्या वर्षी ते निम्म्यावर आले. अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकांना दिल्लीत विनवण्या कराव्या लागतात. विनवणी करायला गेलेल्या मालकाच्या अंकात दुसऱ्या दिवशी अग्रलेख कसा असतो हे न सांगताही समजते. वाचक जेव्हा अंकाच्या खर्चातला लहानसा वाटेकरी होतो, तेव्हा अंकावरचा त्याचा अधिकारही तेवढाच उरतो.

२००९च्या विधानसभा निवडणुकीत हे महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिले. उमेदवारांना ‘पॅकेज’ विकले गेले. एवढ्या रकमेत एवढ्या बातम्या, एवढे फोटो, एवढ्या मुलाखती. पैसे न देणाऱ्याचे नावसुद्धा काही अंकांत येईना. एका नेत्याची स्तुती करणारा मजकूर, शब्दही न बदलता, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावांनी छापून आला आणि पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त तो शेजारी शेजारी मांडून दाखवला. आणीबाणीनंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने नावानिशी अहवाल तयार केला. २०१० साली कौन्सिलने मूळ अहवाल बाजूला ठेवून त्याचा संक्षेप प्रसिद्ध केला. संपूर्ण अहवाल बाहेर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याची राखण करायला नेमलेली संस्था वृत्तपत्रांच्या मालकांपुढे कशी थबकते याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

या सगळ्याचे ओझे शेवटी ज्याच्या डोक्यावर येते तो तालुक्याचा बातमीदार. पुण्या-मुंबईतल्या चर्चांत तो क्वचित येतो. त्याला बहुधा नेमणुकीचे पत्र नसते. ओळखपत्र असते, आणि तेही दर वर्षी नवे करून घ्यावे लागते. मानधन दिवसाच्या पेट्रोलला पुरेल इतके असले तर नशीब. त्याचे उत्पन्न म्हणजे जाहिरातीवरचे कमिशन. आमदारांचा वाढदिवस, साखर कारखान्याचा गळीत हंगाम, पतसंस्थेचा वर्धापन दिन, दिवाळीच्या शुभेच्छा, दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीचा विशेषांक, अशा प्रत्येक निमित्ताला मुख्य कार्यालयातून आकडा येतो: तुमच्या तालुक्यातून इतक्या रुपयांच्या जाहिराती हव्यात. तो ज्यांच्या दारात जाहिरात मागायला जातो त्यांच्याचबद्दल त्याने बातमी लिहायची असते. वाळूचा उपसा कोण करतो, रेशनचे धान्य कुठे उतरते, शाळेच्या इमारतीचे बिल कामाआधीच कसे निघाले, हे त्याला तालुक्यातल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असते. तो बातमी पाठवतो आणि ती लागत नाही. कोणी ती मारली हेही त्याला कळत नाही. काही महिन्यांनी तो अशी बातमी पाठवायचेच सोडून देतो. या गप्प बसण्याची नोंद कोणत्याही जागतिक क्रमवारीत होत नाही. पण माझ्या मते आज मराठी वृत्तपत्रांचे सर्वांत मोठे सेन्सॉर हेच आहे.

त्यातूनही कोणी लिहितोच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरचे शशिकांत वारिशे ‘महानगरी टाइम्स’मध्ये लिहीत. बारसू परिसरातल्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाबद्दल आणि जमिनींच्या व्यवहारांबद्दल ते सातत्याने बातम्या देत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्यांची एक बातमी छापून आली त्याच दिवशी, राजापूरजवळ पेट्रोल पंपाशी त्यांच्या दुचाकीला एका मोठ्या गाडीने धडक देऊन फरफटत नेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बातमीत ज्याचा उल्लेख होता त्यालाच अटक झाली आणि आधी सदोष मनुष्यवधाचे असलेले कलम, पत्रकारांनी राज्यभर आवाज उठवल्यावर, खुनाचे झाले. २०११ साली मुंबईत पवईला भर दुपारी गोळ्या घालून मारले गेलेले ‘मिड-डे’चे ज्योतिर्मय डे महानगरातले नामवंत गुन्हेवार्ताहर होते; त्या खटल्यात २०१८ साली छोटा राजनसह दोषी ठरलेल्यांना जन्मठेप झाली. वारिशे यांच्या मागे तेवढे मोठे नाव नव्हते. म्हणून त्यांचे नाव मी इथे मुद्दाम पूर्ण लिहितो.

महाराष्ट्राने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अजामीनपात्र गुन्हा आणि नुकसानभरपाई आहे. तो व्हावा म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतले पत्रकार वर्षानुवर्षे रस्त्यावर आले होते आणि त्या श्रमांचे मोल मला आहे. मुंबईतल्या ‘महानगर’ दैनिकाच्या कार्यालयावरचे हल्ले, २००८ साली एका अग्रलेखावरून ‘लोकसत्ता’चे संपादक कुमार केतकर यांच्या ठाण्यातल्या घरावर आलेला जमाव, हे सगळे त्यामागे होते. पण या कायद्याची व्याख्या वाचली की पत्रकार म्हणजे कोण, याचे उत्तर नोकरीपाशी येऊन थांबते: जो माध्यमसंस्थेत कायम किंवा कराराने नेमलेला आहे तो. कमिशनवर जगणाऱ्या, हाती नेमणुकीचा कागद नसलेल्या माणसाला मार खाल्ल्यावर आधी आपण पत्रकार आहोत हे सिद्ध करावे लागते. त्या वेळी त्याचे दैनिक त्याला आपला म्हणेल की नाही, यावर सगळे अवलंबून. काही दैनिकांनी तसे म्हटले आहे. काहींनी दुसऱ्या दिवशी तो आमचा अधिकृत प्रतिनिधी नाही, असा खुलासा छापला आहे.

इंटरनेटने छापखान्याचा आणि कागदाचा प्रश्न सोडवला असे पहिली काही वर्षे वाटले. मोबाईलवर बातमीपत्र चालवायला अनामत लागत नाही, हे खरे. पण पालघरच्या दोन मुलींना २०१२ साली फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी अटक झाली तेव्हाच दिसले, की पोलिसांचा हात तिथेही पोचतो. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यात २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ गेले. २०२३ साली केंद्र सरकारने स्वतःच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा आहे हे ठरवायला स्वतःचाच तथ्य-तपासणी कक्ष नेमण्याचा नियम केला. तो २०२४च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला होता, तिसऱ्यांच्या, न्या. अतुल चांदूरकरांच्या, मताने पारडे फिरले. मादन-कानिया यांच्या निकालाशी याचे नाते मला जवळचे वाटते. तरीही खर्च कोण भागवतो हा प्रश्न पडद्यावरही तसाच उभा आहे. छापखान्याच्या मालकाची जागा आता परदेशातल्या कंपन्यांनी घेतली आहे. त्यांनी मजकूर लोकांपुढे नेण्याचे थांबवले तर पत्र बंद पडते, आणि का थांबवले हे विचारायला दारही सापडत नाही.

पुढच्या लेखांत कायद्याची माहिती आहे, खटले आहेत, तुरुंगही आहेत. ते सगळे वाचताना प्रत्येक प्रकरणात एक प्रश्न विचारत जावा अशी माझी विनंती आहे: त्या अंकाचे पैसे त्या दिवशी कोण देत होते? संपादकांविषयीचा आदर त्याने कमी होत नाही, उलट वाढतो; कारण कोण किती अडचणीत उभे होते ते कळते. आणि आजच्या मालकांकडे मागायच्या दोन गोष्टीही त्यातूनच निघतात. तालुक्यात बातमी गोळा करणाऱ्या प्रत्येक माणसाला नेमणुकीचे लेखी पत्र द्या आणि जाहिरात गोळा करण्याचे काम त्याच्याकडून काढून घ्या. आणि वर्षातून एकदा, जिथे मालकीचे निवेदन छापत आलात तिथेच, आपल्या उत्पन्नातला किती भाग वाचकांकडून, किती खासगी जाहिरातींतून, किती सरकारकडून आणि किती निवडणुकीच्या काळात पक्षांकडून आला तेही छापा. मालकीचे निवेदन कायद्याने सक्तीचे होते म्हणून छापले जाई. उत्पन्नाचे कोणी सक्तीचे केलेले नाही, आणि सरकारने ते सक्तीचे करावे असे मला वाटतही नाही. वाचकांनी ते मागावे. अंक रोज पैसे देऊन घेणाऱ्याचा तो अधिकार आहे.